थांबा, जरा रडून घेतो

आमच्या शेजारचे भोंडेकाका दिवसातून चार-पाच वेळा रडायचे, आणि रडण्याआधी तसं सांगायचे.

लग्न होऊन मी कसबा पेठेत आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी मला उसनी आणलेली साखर परत द्यायला शेजारी पाठवलं. दार काकांनी उघडलं. उंच, ताठ, मिशा अशा की आधी मिशाच दिसाव्यात. मी मान खाली घालून वाटी पुढे केली. काकांनी वाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, पापणी न हलवता बघतच राहिले, आणि अगदी शांतपणे म्हणाले, "थांब हं, जरा रडून घेतो."

मी वाटीसकट पळत घरी आले आणि सासूबाईंना सांगितलं, शेजारचे काका रडतायत. मी काहीच बोलले नाही, तरी रडतायत. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "रडू दे. वेळ झाली असेल."

पुण्यात माणसांच्या रडायच्या वेळा ठरलेल्या असतात, असं समजून मी त्या रात्री टक्क जागी होते.

उलगडा झाला तो आठवड्याने, आणि तो जास्त भयंकर होता. गॅलरीतून जाताना त्यांच्या घरात सहज नजर गेली. काका आरशासमोर उभे होते. त्यांनी दोन बोटांनी डोळा फाकवला, दुसऱ्या हाताची चिमूट आत घातली आणि डोळ्यातून काहीतरी ओलं, गोल, काचेसारखं काढून तळहातावर ठेवलं. माझ्या हातातली बादली सुटली. पाणी थेट जिन्यापर्यंत गेलं.

भोंडेकाकू पदर खोचत बाहेर आल्या. "घाबरू नकोस गं. डोळा जागेवरच आहे. वरचं झाकण काढलंय नुसतं."

त्याला कॉन्टॅक्ट लेन्स म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. मी चौथीपर्यंत शिकलेली, आणि चौथीच्या पुस्तकात डोळ्यांवर घालायची झाकणं नव्हती. आमच्या गावात ज्याला दिसत नाही तो चष्मा लावतो, आणि चष्म्यानेही दिसलं नाही तर ओट्यावर बसून दुसऱ्यांना विचारतो, कोण गेलं रे. काका मात्र तरुणपणापासून लेन्स लावत होते. लेन्समुळे डोळे कोरडे पडायचे, वाळूसारखे खुपायचे, म्हणून औषधाच्या दुकानातून छोट्या बाटलीत पाणी आणायचं आणि ते डोळ्यांत घालायचं. दुकानदार त्याला खोटे अश्रू म्हणायचा. "चला, रडून घ्या" हा शब्द मुळात काकूंचा. काकांनी तो उचलला आणि गावभर नेला.

गावभर म्हणजे खरंच गावभर. काका वीज कंपनीत होते, मीटर बघायला घरोघरी जायचे. कोणाच्याही दारात उभे राहून म्हणायचे, "थांबा, जरा रडून घेतो, मग तुमचं मीटर बघतो." लोकांना वाटायचं, यंदा बिल फारच आलंय. एकदा बँकेच्या रांगेत ते असं म्हणाले, तर पुढच्या बाईंनी आपला नंबर दिला आणि वर रुमालही दिला. काकांनी दोन्ही घेतलं. रुमाल धुऊन परत करायला ते त्या बाईंना महिनाभर शोधत होते.

बरं, इतकी वर्षं थेंब घालूनही स्वतःच्या हाताने काकांना तो डोळ्यात पाडता येत नसे. नाकावर पडायचा, मिशीत पडायचा, एकदा कानात गेला. बाहेर असले की निम्मी बाटली मिशांनीच प्यायलेली असायची. घरी मात्र काकू घालायच्या. आमच्या इमारतीमागे शाळा आहे. तिथे मधल्या सुट्टीची घंटा झाली की भिंतीपलीकडून काकूंचा आवाज यायचा, "चला, रडून घ्या." मग खुर्ची सरकवल्याचा आवाज. मग, "हलू नका." काका निवृत्त झाल्यावर तर यात एक दिवस चुकला नाही. मी त्या आवाजावर कुकर लावायची.

काकांचं वाऱ्याशी वैर होतं. वाऱ्याने डोळे वाळतात म्हणून ते पंख्याखाली बसत नसत. लग्नाला गेले की आधी वर बघायचे, मग खुर्ची निवडायचे. बसमध्ये खिडकी कोणी देऊ केली तर संशयाने बघायचे. लेन्स महिन्याने बदलायची असते, काका चार-चार महिने ढकलायचे. काकूंनी हटकलं की म्हणायचे, "लेन्सला काय कळतंय महिना संपला ते?"

एकदा त्यांची लेन्स गॅलरीत पडली. "कोणी हलायचं नाही," असा त्यांनी आवाज दिला आणि सगळी इमारत जिथल्या तिथे थिजली. गॅसचं सिलिंडर आणणारा माणूस खांद्यावर सिलिंडर घेऊन अर्ध्या जिन्यात उभा. सासूबाई एक पाय चपलेत, एक बाहेर. आमचे हे आणि वरच्या मजल्यावरचे दोघे गुडघ्यांवर रांगत फरशी चाचपत होते. सगळं झाल्यावर काकू बाहेर आल्या, काकांकडे एकदाच बघितलं आणि त्यांच्या मिशीतून लेन्स काढून हातावर ठेवली. सिलिंडरवाला म्हणाला, "साहेब, आता मी हललो तर चालेल का?"

लेन्सचा एक उपयोग मात्र अख्ख्या इमारतीला झाला. लेन्स असली की कांदा चिरताना डोळ्यांत पाणी येत नाही. हा शोध काकांना लागला आणि त्यांनी तो लपवला नाही. कोणाकडे पाहुणे आले, सत्यनारायणानंतरचं जेवण असलं, की कांदे काकांकडे. "द्या इकडे. मला काही होत नाही." मांडी घालून, विळी समोर घेऊन, किलो-किलो कांदे ते चिरायचे आणि डोळे कोरडे ठणठणीत. आम्ही बायका लांब उभ्या राहूनही डोळे पुसत असायचो. मला त्यांच्याकडे बघून भीतीच वाटायची. एवढा कांदा, आणि माणसाला काहीच होत नाही म्हणजे काय.

आता एवढा त्रास असताना चष्मा का नाही लावायचा? तर काका द्वारपाल होते.

आमच्या गल्लीच्या मंडळाचा गणपतीत जिवंत देखावा असतो. जिवंत म्हणजे खरी माणसं पोशाख घालून उभी राहतात, मागून ध्वनिफीत लागते, आणि ज्याचा आवाज येईल त्याने तोंड हलवायचं. काका तरुणपणापासून त्यात द्वारपाल. भाला धरून दारात उभं राहायचं, खेळ संपेपर्यंत हलायचं नाही, बोलायचं नाही. पहिल्या वर्षी चष्मा काढून उभे राहिले तर पडदा पडतोय हे त्यांना दिसलंच नाही, ते निघाले भलतीकडे आणि भाला प्रधानाच्या पगडीत अडकून पगडी प्रेक्षकांत गेली. त्यानंतर त्यांनी लेन्स केल्या. "राजाच्या दारात चष्मेवाला द्वारपाल कोणी बघितलाय का?" हा त्यांचा सवाल.

विषय दरवर्षी बदलायचा, काका बदलायचे नाहीत. एका वर्षी 'झाडे वाचवा' होतं. मंडळाची पोरं म्हणाली, काका, जंगलात द्वारपाल कुठून येणार? काका म्हणाले, "जंगलाला दार नाही म्हणूनच झाडं चोरीला जातात." त्या वर्षी जंगलाला दार झालं.

पापणी न मिटणं ही त्यांची कला होती. मुलं खाली उभी राहून वेडंवाकडं तोंड करायची, शिट्ट्या वाजवायची, कोणी तोंडावर टॉर्च मारायचं. काकांची पापणी पडायची नाही. "द्वारपालाची पापणी पडली की चोर आत," असं ते म्हणायचे. हे वाक्य ते कशालाही लावायचे. दूध उतू गेलं की, "पापणी पडली की दूध बाहेर."

या बाबतीत त्यांना हरवायला बसायची ती त्यांची मुलगी मेधा. मी लग्न होऊन आले तेव्हा ती शाळेत होती. संध्याकाळी गॅलरीत दोघं समोरासमोर बसायची, कोणाची पापणी आधी पडते बघायला. मेधाच हरायची. हरली की हात जोडून म्हणायची, "बाबा, पुरे. पाडा आता पापणी." ती म्हणाली की मगच काका पापणी पाडायचे. काकू आतून म्हणायच्या, "दोघंही आंधळे व्हा एकदाचे."

मेधा शिकली, हिंजवडीला मोठ्या कंपनीत लागली. रोजचा जाण्यायेण्याचा त्रास नको म्हणून तिकडेच मैत्रिणींबरोबर राहायला लागली. शनिवार-रविवार यायची. आणि मग काकू गेल्या.

आजार फार दिवसांचा नव्हता. काका दवाखान्यातच होते, कपडे बदलायलाही घरी आले नाहीत. काकूंना घरी आणलं तेव्हा सकाळ होती. आम्ही सगळे त्यांच्या घरात जमलेलो. मेधा आईच्या उशाशी बसून हुंदके देत होती. काका पायाशी उभे होते, भाला नसलेल्या द्वारपालासारखे. डोळे कोरडे. पापणी हलत नाही. त्यांच्या बहिणीने माझ्या कानाशी म्हटलं, "बघ, डोळ्याला टिपूस नाही."

आणि तेवढ्यात काकांनी खिशातून ती बाटली काढली. सगळ्यांसमोर टोपण उघडलं आणि म्हणाले, "थांबा, जरा रडून घेतो."

मी आयुष्यात पुष्कळ वेळा दचकले आहे, पण तेव्हासारखी कधी नाही. काका मान मागे करून थेंब पाडत होते आणि ते नेहमीसारखे चुकत होते. नाकावरून, गालावरून, मिशीतून पाणी खाली येत होतं, आणि ते खोटं आहे हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मेधाने वर बघितलं. तिचं रडणं थांबलं. ती म्हणाली, "बाबा, आईसाठीसुद्धा बाटलीतलं?"

काका बाटलीचं टोपण लावत राहिले. ते लागेना.

तेराव्यानंतर मेधा गेली ती परत घरात आली नाही. भांडण असं झालंच नाही, त्यामुळे ते मिटवणार तरी कसं. फोन यायचा, लाइटबिल भरलं का, औषध घेतलं का. काका "हो" म्हणायचे आणि फोन ठेवल्यावर फोनकडे बघत बसायचे. मी त्यांना पोळी-भाजी नेऊन द्यायची. ते म्हणायचे, "ठेव. रडून घेतो, मग जेवतो." मागच्या शाळेची घंटा व्हायची, भिंतीपलीकडे खुर्ची सरकायची. पण "हलू नका" म्हणणारं कोणी नव्हतं. नंतर मी भांडी न्यायला जायची तेव्हा टेबल ओलं असायचं.

अशी तीनेक वर्षं गेली.

यंदा आषाढात एक दिवस काकांनी दार उघडलं, तर उजवा डोळा डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल. पाण्याने भरलेला, सुजलेला. भिंत चाचपत ते मागे सरले.

"धूळ गेली," काका म्हणाले.

"कधी?"

"परवा."

मी कोणाला ठासून काही सांगणारी बाई नाही. मी ह्यांना सांगितलं. हे रिक्षा चालवतात. त्यांनी रिक्षा दाराशी लावली आणि काकांना म्हणाले, "काका, मीटर टाकलंय. बसा नाहीतर उगाच फिरत राहील." मीटर फुकट फिरताना बघणं काकांच्या रक्तात नव्हतं. बसले. त्यांच्या हाताला धरायला मी बरोबर गेले.

सदाशिव पेठेतली ती डोळ्यांची डॉक्टर मेधाच्याच वयाची होती. तिने यंत्रातून बराच वेळ बघितलं.

"लेन्स काढून झोपता ना?"

"रात्री काढतो. दुपारी नाही. दुपारची काही झोप नसते, नुसती वामकुक्षी."

"आणि बदलता कधी?"

"लेन्सला काय कळतंय महिना संपला ते?"

"लेन्सला कळत नसेल. डोळ्याला कळतं," डॉक्टर म्हणाली. "तुम्ही पापण्या मिटत नाही. मी मघापासून बघतेय."

"थँक यू," काका म्हणाले.

डॉक्टरने यंत्र बाजूला केलं आणि माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं.

मग तिने समजावून सांगितलं. डोळ्यावर पाण्याचा एक पातळ थर असतो. पापणी मिटली की तो सारवल्यासारखा सगळीकडे पसरतो. काकांच्या डोळ्यात पाणी मुळात कमी, त्यात सारवणारी पापणी हलत नाही, त्यात वर जुनी लेन्स. बुबुळावर जखम झालीय. आता औषध, चष्मा, आणि पापणी मिटायचा व्यायाम. सावकाश, पूर्ण मिटायची, जरा तशीच ठेवायची, मग उघडायची.

"आणि लेन्स?"

"बंद. पुन्हा घातलीत तर हा डोळा जाईल. मी घाबरवायला सांगत नाही. जाईल."

जिना उतरताना काका एकच वाक्य बोलले. "या वयात पापणी मिटायला शिकायचं. पहिलीत बसल्यासारखं वाटतंय."

जाड भिंगाचा चष्मा आला. काका मिशांमागून बाहेर डोकावणाऱ्या घुबडासारखे दिसायला लागले. जखम हळूहळू भरत आली. अशात वरच्या मजल्यावर बारसं निघालं आणि सवयीने कांदे काकांकडे आले. काका विळीवर बसले. पहिला कांदा उभा कापला, दुसऱ्याला हात घातला आणि एकदम थांबले.

"सुमन, अगं, हे काय होतंय?" त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "डोळा फुटला की काय?"

चष्म्याखालून पाण्याची धार लागली होती. मी म्हटलं, "काका, कांदा आहे. सगळ्यांना होतं."

"सगळ्यांना?" काका थक्क होऊन म्हणाले. "मग तुम्ही रोज कसं करता?"

मी विळी ओढून घ्यायला गेले, तर त्यांनी दिली नाही. उरलेले सगळे कांदे त्यांनी तसेच चिरले. ते चिरून झाले, बारशाची माणसं घेऊन गेली, तरी त्यांचं पाणी थांबलं नव्हतं. बराच वेळ गेला. कांद्याचं पाणी एवढा वेळ टिकत नाही, हे मला ठाऊक आहे.

गणपती दोन दिवसांवर आले, तेव्हा मी संध्याकाळी डबा द्यायला गेले. टेबलावर लेन्सची डबी, शेजारी पाण्याची बाटली, आरसा. काका हात धूत होते.

"काका, डोळा जाईल."

"एक जाईल. दुसरा आहे ना," काका म्हणाले. जसं काही मी त्यांना चहाचा कप फुटेल म्हणाले होते.

मला इतका धक्का बसला, की एरवी मी मागे फिरले असते ती तिथेच उभी राहिले. काकांना वाटलं असावं की ही आता जात नाही.

"मेधा येते," ते म्हणाले.

"कुठे?"

"देखाव्याला. दरवर्षी. फुलवाल्याच्या गाडीपाशी उभी राहते, एक खेळ बघते आणि जाते. चार दिवस येते कधी, कधी दोन." ते हात पुसत राहिले. "ती येते, कारण मी तिथे बोलू शकत नाही. मी बोलू शकत नाही, म्हणून तिला थांबता येतं. खेळभर ती माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे बघतो. आता लेन्स नाही म्हटल्यावर तिथून मला ती ठिपका दिसणार. आली की नाही आली, तेही कळायचं नाही. मग उभं कशाला राहायचं?"

"चष्मा लावून उभे राहा."

"राजाच्या दारात? लोक हसतील."

"द्वारपालाकडे कोण बघतंय, काका?"

हे मी म्हणाले. माझ्याच तोंडून हे निघालं, यावर माझा विश्वास बसेना. काकांनी माझ्याकडे बघितलं.

"एक जण बघतं," ते म्हणाले.

मग खुर्चीवर बसले. बोलायला लागलेच आहोत तर, अशा सुरात त्यांनी विचारलं, "त्या दिवशी तू होतीस ना इथे? घंटा ऐकलीस तू?"

मला आधी कळेना कुठला दिवस. मग कळलं. काकूंना आणलं होतं, मेधा रडत होती, आणि मागे शाळेची मधल्या सुट्टीची घंटा झाली होती. ऐकली होती मी. आवाजाने बाहेर मुलं ओरडत सुटली होती. माझ्या मनात कुकरसुद्धा येऊन गेला होता.

"ऐकली," मी म्हटलं.

"मग? तुझी काकू समोर असताना चुकवायचं का?" काका म्हणाले. "एवढ्या वर्षांत तिने एक दिवस चुकवू दिलं नाही."

"हे मेधाला सांगितलंत?"

"काय सांगणार? ती त्या वेळी कायम शाळेत, नाहीतर कॉलेजात, नाहीतर ऑफिसात. रविवारी घंटाच नसते. तिला काय माहीत घंटेला काय व्हायचं ते. आणि सांगितलं असतं तर वाटलं असतं, म्हातारा आता सबब सांगतोय."

दुसऱ्या दिवशी काका चष्मा लावून तालमीला गेले. मंडळाचा अध्यक्ष म्हणाला, "काका, इतिहासाची वाट लागेल." काका म्हणाले, "काल तुझ्या राजाने कमरेच्या शेल्यातून मोबाइल काढून कानाला लावला, तेव्हा इतिहास कुठे होता? मी तर दारातच उभा आहे. आतलं तुम्ही बघा." विषय मिटला.

लोक हसले. हसणारच होते. पगडी, भाला, मिशा आणि मध्ये ती जाड भिंगं. फोन वर झाले. कोणी ओरडलं, "द्वारपाल, नंबर काय तुमचा?" काका हलले नाहीत. मी रोज संध्याकाळी स्वयंपाक उरकून फुलवाल्याच्या गाडीपाशी जाऊन उभी राहायची. पहिल्या दिवशी मेधा आली नाही. दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. काका वरून तिथेच बघत होते, आणि त्यांना तिथे फक्त मी दिसत होते.

चौथ्या दिवशी ती आली. ऑफिसची बॅग खांद्याला, ओढणी सावरत, गर्दीत वाट काढत. तिने वर बघितलं आणि तिचा हात तोंडावर गेला.

"त्यांच्या डोळ्याला काय झालंय?" ती कोणालाच उद्देशून म्हणाली नाही. मग तिला मी दिसले. "सुमनवहिनी, काय झालंय बाबांना?"

डॉक्टरचं सगळं सांगायला हवं होतं. पण ध्वनिफितीत राजा मोठ्याने बोलत होता, गर्दी रेटत होती, आणि मला अशा वेळी दोन वाक्यंही जुळवता येत नाहीत. मला एकच वाक्य सुचलं, तेच मी म्हणाले.

"मेधा, काकू रोज शाळेची घंटा झाली की त्यांच्या डोळ्यांत थेंब घालायच्या. त्या दिवशी घंटा झाली होती."

तिला नीट ऐकू गेलं की नाही, मला कळेना. मी परत म्हणणार होते. पण तिचा चेहरा बघितला आणि कळलं, ऐकू गेलंय.

ती पुढे गेली. माणसांना बाजूला सारत बांबूच्या कठड्यापर्यंत गेली, अगदी काकांच्या पायांशी. तेवढ्या दिव्यांच्या झोतात काकांची पापणी ताणलेली होती, आणि चष्म्याखालून पाणी वाहत होतं. डॉक्टर म्हणाली होती, कोरडा डोळा कधी कधी असाच फार वाहतो. ते कसलं पाणी होतं, मी सांगू शकत नाही.

मेधाने कठड्यावर दोन्ही हात ठेवले. मग ते जोडले.

"बाबा, पुरे," ती म्हणाली. "पाडा आता पापणी."

आतमध्ये राजा न्याय देत होता, त्याच्याकडे कोणाचं लक्ष होतं की नाही कोण जाणे. काकांनी पापणी मिटली. डॉक्टरने शिकवली तशी, सावकाश, पूर्ण. जरा तशीच ठेवली. मग उघडली. माझ्यामागे एक म्हातारे गृहस्थ उभे होते, ते शेजारच्याला म्हणाले, "अरे, भोंड्याची पापणी पडली." त्यांना ते खरंच वाटेना.

गणपती गेले. मागच्या शाळेची सुट्टी संपली. पहिल्या दिवशी मी ओट्याशी उभी होते, कुकर भरून ठेवलेला. मधल्या सुट्टीची घंटा झाली, मुलांचा गलका उठला. भिंतीपलीकडे खुर्ची सरकली. कंपनीतून सुट्टी काढून कोणी आलंय, हे मला ठाऊक नव्हतं, म्हणून आवाज आला तेव्हा माझ्या हातातलं झाकण तसंच राहिलं.

"चला, रडून घ्या," मेधा म्हणाली. "आणि हलू नका."